कुत्र्यासह येणारा पाहुणा आणि कोकणातील आपल्या खोल्या

शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली की मुंबई-पुण्याची माणसे गाडी काढून जवळपास कोठेतरी निघतात, हे कोकणाला आता नवीन राहिलेले नाही. अलिबागपासून गुहागरपर्यंतच्या किनाऱ्यावर पुष्कळ घरांनी दोन-चार खोल्या काढून पाहुण्यांची सोय केली आहे, आणि त्यांत आपले बांधवही आहेत. नवीन आहे ते एवढेच की या गाड्यांच्या मागच्या सीटवर अलीकडे कुत्रा बसलेला दिसतो. २०२० च्या टाळेबंदीत शहरांतील अनेक घरांत कुत्रा आला आणि तो घरातलाच एक होऊन बसला. चार दिवस बाहेर जायचे तर त्याला ठेवायचे कोठे, हा त्या कुटुंबापुढचा पहिला प्रश्न असतो. पैसे घेऊन कुत्री सांभाळणारे लोक शहरांत आहेत; पण काही कुत्र्यांना परक्या जागी करमत नाही, ती खाणेच सोडतात. म्हणून ते कुटुंब लांबचा बेत रद्द करते आणि कुत्र्यासह राहता येईल अशी जवळची जागा शोधू लागते.

मग आपल्याकडे फोन येतो. ‘बरोबर कुत्रा आहे, चालेल का?’ आपल्याकडचे उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘नाही.’ फोन ठेवला जातो आणि ते गिऱ्हाईक शेजारच्या गावात जाते.

हे ‘नाही’ नेमके कशासाठी आहे, याचा विचार घरमालकांनी एकदा शांतपणे करावा असे आम्हांला वाटते. कारण दिवस असे आहेत की गिऱ्हाईक सहज सोडून द्यावे अशी स्थिती नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड या पट्ट्यातील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. श्रीवर्धनी रोठ्याच्या ज्या वाड्यांवर घरे चालत होती, त्या एका दिवसात गेल्या. सुपारीचे रोप लावल्यावर उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे थांबावे लागते. मधल्या काळात पुष्कळांना भाड्याच्या खोल्यांनीच हात दिला. दुसरीकडे आखाती देशांत नोकरी करणाऱ्यांनी बांधलेली मोठाली चिरेबंदी घरे वर्षातले दहा-अकरा महिने कुलूपबंद असतात. खोल्या आहेत, न्हाणीघरे आहेत, आवारही आहे. माणसे तेवढी नाहीत.

नकाराचे पहिले कारण धर्माचे. येथे अर्धवट ऐकीव माहितीपेक्षा मसला नीट समजून घेतलेला बरा. कोकणी मुसलमान शाफई मसलकाचे आहेत. या मसलकात कुत्रा नापाक मानला जातो. त्याची लाळ किंवा ओलसर अंग भांड्याला, कपड्याला लागले तर ती वस्तू सात वेळा धुवावी लागते, त्यांपैकी एकदा मातीने. घाटावरचे आपले बहुतेक बांधव हनफी आहेत. त्यांच्याकडे लाळ नापाक, पण अंगाचे केस तसे नाहीत. मालिकी मसलकात तर कुत्र्याला मुळात पाकच धरतात. शाफई मतातही कोरड्याला कोरडे लागले तर नापाकी लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसते. शौक म्हणून घरात कुत्रा पाळण्याबद्दल हदीसमध्ये ताकीद आहे. मात्र शिकार, गुरे आणि शेत यांच्या राखणीसाठी मुभा आहे. शिकवलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार खाण्याची परवानगी सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत आहे. सूरह कहफमध्ये गुहेतील त्या तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला आहे. आणि तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितलेली हकिकत तर आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

म्हणजे नापाकीचा नियम आपल्या जागी आहे आणि जनावरावर दया करण्याचा हुकूमही आपल्या जागी आहे. कुत्र्याच्या विक्रीची किंमत घेण्यास हदीसमध्ये मनाई आहे. पण येथे आपण कुत्रा विकत नाही, माणसाला खोली भाड्याने देतो. तरीही ज्याच्या मनात शंका असेल त्याने आपल्या गावच्या आलिमांना खोलीची रचना, भांडी, धुलाई हे सगळे सांगून विचारावे. ‘कुत्रा चालतो का’ एवढाच तुटक प्रश्न विचारला तर उत्तरही तुटकच मिळेल.

आमच्या मते खरी अडचण घराच्या रचनेत आहे. ज्या घरात पाहुणे आणि कुटुंब एकाच ओटीवर वावरतात, ज्या पडवीत घरातली बाई नमाज पढते तेथूनच पाहुण्यांची ये-जा आहे, त्या मालकाने कुत्र्याला नकार द्यावा. त्यात काहीही वावगे नाही. फक्त तो नकार जाहिरातीत आणि फोनवर आधीच स्पष्ट असावा. फोनवर ‘या, बघू’ म्हणायचे आणि दीडशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या कुटुंबाला फाटकात अडवायचे, हे व्यवहाराला आणि मेहमाननवाजीला दोन्हींना सोडून आहे. पण ज्यांच्याकडे आवारातच वेगळ्या दाराच्या खोल्या आहेत, किंवा जुने घर रिकामे आणि कुटुंब नव्या घरात आहे, त्यांनी या धंद्याकडे पाहायला हरकत नाही.

हे गिऱ्हाईक बेत कसा आखते ते ठाऊक असले की सोय करणे सोपे जाते. ते बहुतेक स्वतःच्या गाडीनेच येते. रेल्वेत कुत्रा बरोबर बसवायचा तर पहिल्या वर्गाचा दोन किंवा चार बर्थचा पूर्ण कक्ष घ्यावा लागतो. नाहीतर त्याची रवानगी गार्डाच्या डब्यातील पेटीत होते. टू-टायर, थ्री-टायर, स्लीपर यांत त्याला प्रवेश नाही. तेव्हा चार-पाच तासांत गाडीने पोहोचता येईल अशीच जागा निवडली जाते. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट २०२० पासून मिळाली आहे आणि तिच्यावर कुत्र्यांना नेता येते. तासाभरात अलिबाग तालुक्यात पाऊल. पुढे आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, धोपावे-दाभोळ या फेरीबोटींमुळे मुरूडहून थेट गुहागरपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने उतरता येते. पुण्याची मंडळी ताम्हिणी घाटाने माणगाव-म्हसळ्यामार्गे येतात. घाटाच्या वळणांनी कुत्र्यांनाही माणसांसारखीच ओकारी होते, म्हणून जाणते लोक निघण्यापूर्वी तीन-चार तास त्याला भरपेट खाऊ घालत नाहीत आणि दर दोन तासांनी थांबून पाणी पाजतात. असे पाहुणे दमून येतात. आल्याबरोबर त्यांना आधी सावलीतली मोकळी जागा लागते, चहा त्यानंतर.

फोनवर ते जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे मालकाजवळ तयार असावीत. आवाराला गडगा आहे का, आणि फाटकाखालून कुत्रा निसटेल का? विहिरीला कठडा आहे का? खोली तळमजल्यावर आहे का? गावात भटकी कुत्री किती? जनावरांचा डॉक्टर किती लांब? या शेवटच्या प्रश्नासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याची वेळ आणि फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा; त्याला एक पैसा लागत नाही. उंदरांचे औषध टाकण्याची सवय असेल तर पाहुणे येण्यापूर्वी ते सगळे उचलावे. गडग्याच्या चिऱ्यांत फुरसे असते हे आपल्याला माहीत आहे, शहरातल्या माणसाला नाही. तेव्हा रात्री आवारात दिवा हवा आणि कुत्र्याला गडग्याशी हुंगू देऊ नका असे सांगून ठेवावे. सर्वांत जास्त भांडण होते ते कोंबड्यांवरून. शहरात बंद दारामागे वाढलेला कुत्रा मोकळी कोंबडी पाहिली की तिच्यामागे धावतोच. त्या दिवसांपुरत्या कोंबड्या खुराड्यात ठेवाव्यात, आणि नुकसान झाले तर भरपाई किती ते आधीच बोलून घ्यावे.

खोलीला फार खर्च नाही. खाली कोटा किंवा साधी फरशी हवी, गालिचा-सतरंजी नको. पलंगावर जुनी जाड चादर, बाहेर पाय धुवायला नळ आणि एक गोणपाट. कुत्र्याच्या पाण्याचे आणि खाण्याचे भांडे पाहुण्यांनी स्वतःचे आणावे, अशी अटच घालावी. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराचा आणि त्या भांड्याचा संबंधच येत नाही. पाहुण्यांची चिनी मातीची ताटे-वाट्या घरच्या भांड्यांपासून निराळ्या रंगाच्या ठेवल्या तर धुताना घोटाळा होत नाही. चादरी, उशांचे अभ्रे घरच्या कपड्यांत टाकू नयेत. जानमाज त्या खोलीत ठेवू नये. पाहुणा मुसलमान असेल आणि मागेल तर द्यावी. झाडलोटीला येणाऱ्या बाईला कुत्र्याची भीती किंवा हरकत असेल तर तिच्यावर सक्ती नको, आणि ज्या कोणाला हे काम दिले त्याला वेगळी मजुरी द्यावी. ही मजुरी मालकाच्या नफ्यातून नव्हे, सफाईच्या आकारातून यावी.

हा आकार निराळा दाखवणे हेच हिशेबाचे मर्म आहे. समजा खोलीचे भाडे रात्रीला २,००० रुपये आहे आणि सफाईचा आकार मुक्कामागे ४०० रुपये ठेवला. दोन रात्रींचे ४,४०० रुपये होतात. ४०० पैकी निम्मे मजुरीत आणि साबण-फिनेलात गेले तरी खोली रिकामी राहिली नाही हा मोठा फायदा. शिवाय हजार-दोन हजारांची अनामत घ्यावी आणि जाताना खोली पाहून लगेच परत करावी. अनामत बुडवण्याकडे कल असलेल्या मालकाकडे कोणी दुसऱ्यांदा येत नाही. आणि या गिऱ्हाइकाची खरी किंमत दुसऱ्या फेरीतच आहे: कुत्र्यासह राहता येणारी जागा एकदा सापडली की तो सहसा दुसरी शोधत बसत नाही, आणि आपल्यासारख्या चार कुटुंबांना पत्ता देतो.

अटी कागदावर असाव्यात. रेबीजची लस वर्षाच्या आत टोचलेली असल्याचे पुस्तक पाहिल्याशिवाय खोली देऊ नये. यात भिडस्तपणा कामाचा नाही. पावसाळ्यात कोकणात लेप्टोचा धोका असतो, त्याचीही लस कुत्र्यांना मिळते. कुत्र्याला खोलीत एकटे कोंडून पाहुण्यांनी दिवसभर फिरायला जाऊ नये, कारण तो भुंकून वाडी डोक्यावर घेतो. चुकून कोणाला चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे, मग कुत्र्याला लस टोचलेली असो वा नसो.

किनाऱ्यावर साखळी सुटता कामा नये. हर्णैसारख्या बंदरांत मासळी वाळत घातलेली असते. त्यात कुत्रे शिरले तर कोळणींच्या तोंडाला पाहुण्यांआधी मालकालाच लागावे लागेल. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर येथे थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात आणि पिल्ले उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बाहेर पडतात. कुत्री ती घरटी उकरतात. वेळासला तर कासवांची पिल्ले पाहायला येणाऱ्यांवरच कितीतरी घरांची कमाई आहे, तेव्हा तेथल्या मालकांनी फेब्रुवारी ते एप्रिल कुत्र्याला किनारा बंदच ठेवावा.

जेवणाबाबत एक सांगायचे राहिले. पाहुण्यांना सांदण, तांदळाची भाकरी, कोलंबीचे कालवण जरूर वाढा, पण उरलेले कुत्र्यासमोर टाकू नका. कांदा त्याला बाधतो आणि आपल्या कुठल्या कालवणात कांदा नसतो? शिजवलेली कोंबडीची हाडेही फुटून घशात अडकतात. साधा भात आणि बिनमसाल्याची उकडलेली मासळी, काटे काढून, एवढे पुरे. आणि तेही पाहुण्यांनीच आपल्या भांड्यात घालावे.

नोंदणीचे म्हणाल तर राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना छोट्या घरमालकांसाठीच आहे. जेवण देणार असाल तर अन्न परवान्याची नोंदणीही करून घ्यावी. पाहुण्यांची ओळखपत्रे आणि नोंदवही तर कोणालाही चुकत नाही.

राहिला तारखांचा प्रश्न. बकरी ईदच्या आधीचे आठ दिवस आणि नंतरचे तीन कुत्र्यासह येणाऱ्यांसाठी बुकिंग घेऊ नये. आवारात बकरे बांधलेले असतात, घरी माणसांची गर्दी, आणि कुर्बानीच्या वासाने कुत्रा आवरत नाही. रमजानमध्ये घ्यायचे की नाही हे घरातल्या बायकांना विचारून ठरवावे, कारण सेहरी-इफ्तारच्या वर पाहुण्यांच्या न्याहारीचे काम त्यांच्यावरच पडते. मशीद जवळ असेल तर पहाटेच्या अजानच्या भोंग्याने काही कुत्री गळा काढतात, हे पाहुण्यांना आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. दार-खिडक्या लावून कुत्र्याला आत घेतले की भागते. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीची विचारणा गणपती उठले की सुरू होते. ज्यांना एखादी खोली या कामासाठी वेगळी काढायची आहे त्यांनी फरशी, फाटकाची जाळी आणि बाहेरचा नळ पावसाळा संपताच करून घ्यावा.