उन्माद आणि व्याधिक्षमत्व : 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणण्यापूर्वी

छिन्नमनस्कता, अर्थात स्किझोफ्रेनिया, हा केवळ मनाचा विकार ही समजूत आता मागे पडली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या व्यापक जनुकीय अभ्यासात या विकाराशी निगडित १०८ स्थाने आढळली. त्यांतील सर्वांत ठळक स्थान सहाव्या गुणसूत्रावर, रोगप्रतिकाराच्या जनुकांमध्ये होते. २०१६ साली हार्वर्डच्या संशोधकांनी त्याचा काही अंशी उलगडा केला. सी-४ हे प्रथिन एरवी जंतूंवर खूण करते व त्यांचा नाश घडविते. मेंदूत चेतापेशींच्या जोडण्या छाटण्याच्या कार्यातही त्याचा सहभाग असतो. पौगंडावस्थेतील ही छाटणी स्वाभाविक होय. मात्र सी-४ अधिक असल्यास ती प्रमाणाबाहेर होत असावी, असे अनुमान आहे.

म्हणजेच येथे प्रश्न प्रतिकारशक्तीच्या उणिवेचा नसून अतिरेकाचा असू शकतो. चरकसूत्रस्थानाच्या २८ व्या अध्यायावरील टीकेत चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाचे दोन अर्थ दिले आहेत : व्याधिबलविरोधित्व आणि व्याध्युत्पादप्रतिबंधकत्व. दोन्हींत विरोध व्याधीला आहे, स्वशरीराच्या धातूंना नव्हे. 'इम्युनिटी वाढविणे' हे त्याचे भाषांतर म्हणूनच अपुरे ठरते.

रसायनद्रव्यांना येथे स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पिट्सबर्ग येथील चाचणीत रुग्णांची चालू औषधे कायम ठेवून अश्वगंधेचा अर्क रोज १००० मि.ग्रॅ., असा १२ आठवडे दिला गेला. उदासीनता, अलिप्तता यांसारख्या लक्षणांत व ताणात उपशय मिळाला. भास व भ्रम यांत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. अश्वगंधा जोडीला चालेल, पर्याय म्हणून नव्हे, एवढाच बोध यातून घ्यावा.

चिकित्सालयात दोन प्रसंगी विशेष सावध असावे. पहिला : पूर्वी निरोगी असलेल्या तरुण व्यक्तीस काही दिवसांतच उन्माद होणे आणि सोबत ज्वर, आक्षेप, तोंडाच्या विचित्र हालचाली किंवा संज्ञानाश असणे. २००७ साली डालमाऊ व सहकाऱ्यांनी १२ स्त्रियांमध्ये असा मेंदूदाह वर्णिला. बहुतेकींच्या बीजकोशात टेराटोमा ही गाठ होती. शरीरातील प्रतिपिंडेच मेंदूतील एनएमडीए ग्राहींवर आघात करतात. गाठ काढणे व प्रतिकारक्रिया शमविणारी चिकित्सा यांनी अनेक रुग्ण बरे होतात. विलंब घातक ठरतो. अशा रुग्णास त्याच दिवशी मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवावे.

दुसरा : क्लोझापिन घेणाऱ्या रुग्णास ज्वर किंवा घसादुखी. या औषधाने क्वचित श्वेतकण धोकादायक पातळीपर्यंत घटतात. १९७५ साली फिनलंडमध्ये यामुळे मृत्यू झाले होते. येथे ज्वरघ्न काढा देऊन वाट पाहू नये. तातडीने रक्तकणांची गणना करवून घ्यावी.

औषधालयचालकांनीही मनोविकाराच्या रुग्णास 'इम्युनिटी'चे उत्पादन देण्यापूर्वी चालू औषधे अवश्य विचारावीत. नातलग आशेने येतात आणि बहुधा जुनी औषधे बंद करण्याच्या बेतात असतात. त्यांना त्यापासून परावृत्त करणे, हेही चिकित्साकर्मच आहे.