घरच्या राउटरची सूत्रं आपल्याच हाती

मांडा-टिटवाळ्यात घरी फायबर जोडून माणूस गेला की एवढं करून घ्या.

● प्रवेश : वाय-फायला जोडलेल्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये बहुतेक राउटरसाठी १९२.१६८.१.१, जिओफायबरसाठी १९२.१६८.२९.१ टाका. आकडे इंग्रजीत टाइप करा. लॉग-इनचं नाव आणि पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाच्या स्टिकरवर असतात.

● पासवर्ड : वाय-फायचा वेगळा, सेटिंगचा वेगळा. दोन्ही बदला. सुरक्षेसाठी किमान डब्ल्यूपीए-२ निवडा.

● बँड : २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे पोहोचतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण पल्ला कमी.

● दिवे : ‘पॉन’ स्थिर हिरवा म्हणजे जोडणी ठीक. ‘लॉस’ लाल म्हणजे केबलमधून प्रकाशच येत नाही. अशा वेळी रीसेट दाबू नका, सगळी सेटिंग्ज पुसली जातात. थेट तक्रार नोंदवा.

● केबल : आत केसाइतकी बारीक काच असते. काटकोनात दुमडू नका, दाराच्या फटीत चेपू नका.

● वीज गेल्यावर : अ‍ॅडॉप्टरवरचा व्होल्ट आणि अँपिअरचे आकडे पाहून मिनी यूपीएस घ्या.

राउटरचा पासवर्ड किंवा ओटीपी फोनवर कुणालाही सांगू नका. पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.