पिठाचा कोंबडा आणि पुरलेला भूतकाळ

‘न्वार’ हा शब्द अलीकडे पुस्तकांच्या वेष्टनांवर आणि मालिकांच्या जाहिरातींत वारंवार दिसतो. शब्द फ्रेंच, अर्थ साधा : काळा. १९४५ साली पॅरिसच्या गालिमार या प्रकाशनसंस्थेने गुन्हेगारी कादंबऱ्यांची एक माला सुरू केली, तिचे नाव ‘सेरी न्वार’, म्हणजे काळी माला. पुढच्याच वर्षी तिकडच्या समीक्षकांनी अमेरिकेहून आलेल्या काही चित्रपटांनाही हाच शब्द लावला आणि तो जगभर पसरला.

आपल्या पिढीने रहस्यकथा म्हणजे बाबूराव अर्नाळकर हेच समीकरण पाठ केले. धनंजय असो, झुंजार असो की काळा पहाड, शेवटच्या पानावर खलनायक सापडायचा आणि आपण निर्धास्त झोपी जायचो. काळ्या कादंबरीत असे होत नाही. तिथे शोध घेणाराच हळूहळू त्या गुन्ह्यात गुंतलेला निघतो. त्यातही स्मृतीची कादंबरी हा एक खास पोटप्रकार आहे. तिच्यात प्रेत सापडण्याऐवजी एखादी जुनी गोष्ट सापडते, आणि ती बहुधा आपल्याच घरात पुरलेली असते.

याचा जुना नमुना ग्रीकांचा. थीब्ज नगरीत रोगराई पसरते. आधीच्या राजाचा खुनी सापडल्याशिवाय ती हटणार नाही, असे देववाणी सांगते. ईडिपस राजा चौकशी आरंभतो आणि खुनी तो स्वतःच निघतो. नवा नमुना पात्रिक मोदियानो यांचा. १९७८ साली गाँकूर पारितोषिक मिळालेल्या त्यांच्या कादंबरीचा नायक खाजगी गुप्तहेर आहे, पण त्याची स्वतःची स्मृती गेलेली आहे. ज्या कचेरीत तो वर्षानुवर्षे दुसऱ्यांची माहिती काढत आला, ती बंद होते आणि तो स्वतःचाच शोध घेऊ लागतो. जुने फोटो, जुने पत्ते आणि लोकांच्या अर्धवट आठवणी यांतून धागा जर्मन अमलाखालच्या फ्रान्सपर्यंत जातो. शेवटीही त्याला पक्के उत्तर मिळत नाही. मोदियानोंना २०१४ साली नोबेल मिळाले, तेही मुख्यतः या स्मृतीच्या कामासाठी.

पण हे सारे समजून घ्यायला पॅरिसला जायची गरज नाही. घरात मराठी आणि दारात कन्नड बोलणाऱ्या आपल्यासारख्यांच्या मुलखात या जातीची एक कथा हजार वर्षांहून अधिक काळ सांगितली जात आहे. ती म्हणजे यशोधराची कथा. सोमदेव सूरींनी शके ८८१, म्हणजे इसवी सन ९५९ मध्ये ती संस्कृतात ‘यशस्तिलक’ या चंपूत लिहिली. त्याच शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात, आजच्या मळखेडला, पुष्पदंताने ती अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ म्हणून रचली. १२०९ साली होयसळ दरबारातल्या जन्न कवीने तिला कन्नडात आणले. मराठी माणसांचाही तिला हातभार लागला आहे. पुष्पदंताचा ग्रंथ डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३१ साली विदर्भातल्या कारंजा जैन ग्रंथमालेसाठी संपादित केला, तर ‘यशस्तिलका’वरचा कृष्णकांत हंदिकी यांचा मोठा अभ्यास १९४९ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेने छापला.

कथा अशी. मारिदत्त राजा चंडमारी देवीपुढे नरबळी देण्यासाठी तलवार घेऊन उभा आहे. बळी म्हणून दोन कोवळी भावंडे आणली आहेत, अभयरुची आणि अभयमती. मरण समोर असूनही ती शांत आहेत. राजाला नवल वाटते. तो विचारतो, तुम्ही कोण? त्यांचे उत्तर म्हणजेच ही कथा.

पूर्वी उज्जयिनीत यशोधर राजा होता. त्याची राणी अमृतमती रात्री एका कुरूप माहुताचे गाणे ऐकून त्याच्यावर भाळली. राजाने पाठलाग करून ते डोळ्यांनी पाहिले. तलवार उपसली, पण मन आवरले आणि तो परत फिरला. सकाळी आईने त्याचा उतरलेला चेहरा पाहून विचारले. राजा खरे बोलला नाही. वाईट स्वप्न पडले, एवढेच म्हणाला. आई म्हणाली, स्वप्नाच्या शांतीसाठी देवीला बळी दे. जीवहत्या त्याला नको होती. अखेर तोड निघाली : पिठाचा कोंबडा करावा आणि तो कापावा. जन्न सांगतो की कापताना तो पिठाचा कोंबडा आरवला! त्यानंतर राणीने मायलेकांना विष घातले. पुढे ती दोघे मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा जन्मांतून फिरली. प्रत्येक वेळी मरण आले, आणि कित्येकदा ते आपल्याच माणसांच्या हातून. एका जन्मी तर मुलाने बापाच्या श्राद्धाला जे मांस रांधले, ते त्या बापाचेच होते. शेवटी ती दोघे त्याच मुलाच्या पोटी भाऊबहीण म्हणून जन्मली आणि मुनींच्या बोधाने त्यांना मागचे सारे आठवले. पूर्वजन्माच्या या आठवणीला आमच्या परंपरेत जातिस्मरण म्हणतात.

व्याख्यानांत या कथेचे तात्पर्य बहुधा असे सांगतात की पिठाच्या कोंबड्याची का होईना, संकल्पाने केलेली हिंसा ही हिंसाच. ते खरेच आहे. गिरीश कार्नाडांनी, जे आपल्या धारवाडच्या कर्नाटक कॉलेजचे विद्यार्थी, ‘हिट्टिन हुंज’ हे नाटक याच कथेवर लिहिले. त्याच्या नावाचा अर्थच पिठाचा कोंबडा. पण काळ्या कादंबरीचा वाचक म्हणून कथा पुन्हा वाचा. पहिली गाठ कुठे पडली? कोंबडा कापला त्याच्या आधी, आईच्या प्रश्नाला खोटे उत्तर दिले तिथे. जे पाहिले ते राजाने मनात पुरले आणि वर स्वप्नाची माती लोटली. त्या खोट्या स्वप्नाला खरी शांती हवी झाली, शांतीला बळी हवा झाला. घडलेल्या गोष्टीने जेवढे बिघडले नसते, तेवढे ती झाकण्याने बिघडले. स्मृतीच्या प्रत्येक काळ्या कादंबरीत हीच गाठ शोधा. ती सापडली की पुस्तक उलगडते.

दुसरे उदाहरण घराजवळचे. एस. एल. भैरप्पा काही काळ हुबळीच्या काडसिद्धेश्वर कॉलेजात अध्यापक होते. त्यांची ‘वंशवृक्ष’ ही १९६५ सालची कादंबरी. तिच्या मराठी अनुवादासाठी बेळगावच्या माहेरवाशीण उमा कुलकर्णी यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. तिला कोणी न्वार म्हणणार नाही, पण तिच्या तळाशी तीच पुरलेली गोष्ट आहे. नंजनगूडचे श्रीनिवास श्रोत्री धर्मनिष्ठ पंडित. विधवा सून कात्यायनी पुनर्विवाह करते, पण तिचा मुलगा त्यांच्या वंशाचा म्हणून त्यांच्याच घरी राहतो. सारे आयुष्य श्रोत्री वंशाच्या पावित्र्यावर उभे राहतात. उतारवयात जुन्या कागदांतून त्यांना कळते की आपण त्या वंशाचे रक्तच नव्हे. मालमत्ता भाऊबंदांकडे जाऊ नये म्हणून वडिलांनीच ते घडवून आणले होते. आता त्या आईचे दुःख कोणत्या तराजूत तोलायचे?

डॉक्टरकीत रुग्णाचा पूर्वेतिहास विचारावा लागतो. ‘तसं काही विशेष नाही,’ हे त्याचे नेहमीचे पहिले उत्तर. खरी गोष्ट बरेचदा उठता उठता, चपला घालताना निघते. अशा वेळी सांगणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यावरही अवलंबून असते. ऐकणाऱ्याने भुवई उंचावली की ती गोष्ट पुन्हा आत जाते, आणि मग लवकर बाहेर येत नाही.

या तिन्ही कथांचे शेवट शेजारी ठेवून पाहा. सत्य कळल्यावर ईडिपस स्वतःचे डोळे फोडतो. श्रोत्री घर सोडून संन्यासाची वाट धरतात. आणि मारिदत्त? त्याच्या हातात तलवार आहे, पुढे बळी आहे, आणि बळीच आपली जन्मोजन्मीची कहाणी सांगतो आहे. राजा ती पूर्ण ऐकतो आणि तलवार खाली ठेवतो. पहिल्या दोघांत आठवण माणसाला उखडून टाकते. तिसऱ्यात ती दोन जीव वाचवते, कारण ती मोठ्याने सांगितली गेली आणि कोणीतरी ती शेवटपर्यंत ऐकली.

आपली घराणी जुनी आहेत. जुन्या घरांत ट्रंका असतात, दत्तकाचे कागद असतात, फोटोंतून कातरून काढलेले चेहरे असतात, आणि जिचे नाव निघताच विषय बदलला जातो अशी एखादी आत्या किंवा काकू असते. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण अशा वेळी पुढे करतो. पण मूठ झाकलेली राहते ती कोणाच्या तरी जिवावर, आणि ती व्यक्ती बहुधा घरातली सर्वांत दुबळी असते.

म्हणून माझी विनंती अशी. काळी कादंबरी हाती आली तर ‘नकोच ते भेसूर’ म्हणून दूर सारू नका. वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा : पहिले खोटे उत्तर कोणी कोणाला दिले, ते झाकून ठेवण्याची किंमत कोणी मोजली, आणि खरे कळल्यावर ऐकणाऱ्याने हातातली तलवार खाली ठेवली का? पुस्तक मिटल्यावर हेच प्रश्न घरच्या ट्रंकेलाही विचारता येतात. ज्यांनी किंमत मोजली त्यांतले कोणी अजून हयात असतील, तर आधी त्यांच्याजवळ जाऊन बसा आणि मध्ये न बोलता ऐका.