रानाची ओळख

मुलांना वर्गाबाहेर डोंगरात नेऊन तेथे स्वतःला कसे सांभाळावे, हे शिकविण्याचा विषय निघाला की काही पालक आम्हांला हमखास विचारतात, "गुरुजी, रानातून बाहेर पडावं म्हणून तर पोरांना तुमच्याकडे ठेवलं. तुम्ही त्यांना परत रानातच नेता?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आसनगावला लोकलमधून उतरून माहुली चढणाऱ्या शहरी तरुणाला रान म्हणजे सुट्टी असते. डोक्यावर मोळी घेऊन तोच उतार तुडविणाऱ्या आईबापांना ती मजुरी होती. त्यांना 'ट्रेकिंग' हा शब्द चैनीचा वाटला तर त्यांचा दोष नाही. तरीही आमचे मत असे आहे की, जे रान आपण नाइलाजाने तुडविले, ते आपल्या मुलांनी समजून घेतले पाहिजे. कारण शहापूर-मुरबाडात राहून रानापासून सुटका नाही.

इतिहासाकडे पाहिले तर हे शिक्षण आपल्या परंपरेला नवे नाही. मुरबाड तालुक्यातील वैशाखऱ्याकडून नाणेघाट चढतो. सातवाहनकाळी सोपारा व कल्याण येथून जुन्नरला जाणारी वाट हीच. माथ्यावरच्या लेण्यात राणी नागनिकेचा शिलालेख आहे आणि त्याच परिसरात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. घाटापलीकडे जुन्नरभोवती बौद्ध लेण्यांचे समूह पसरले आहेत. तेथे राहणारे भिक्खू पायी फिरत. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई आणि वस्तरा यांच्या जोडीला पाणी गाळण्याचे फडकेही असते. सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी हा त्यामागील हेतू. पण प्रवाशाच्या मोजक्या सामानात पाण्याच्या साधनाला जागा दिली आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ज्या समाजाला 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावावा लागला, त्याच्या मुलांना पाण्याचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. 1892 पासून तानसाचे पाणी मुंबईला जाते आणि धरणांच्या या तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हेही ती पाहतात. त्यांना शिकवावी लागते ती पाण्याची पारख. गडावरच्या टाक्यातले पाणी कितीही नितळ दिसले तरी ते फडक्याने गाळावे आणि चांगली उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट उकळत ठेवावे. गाळल्याने कचरा जातो, रोगजंतू जात नाहीत.

वाट चुकलेल्या मुलाने पहिल्यांदा थांबावे, सावलीत बसावे आणि शिटी असल्यास तीन-तीनदा वाजवीत राहावे. धावत सुटलेले मूल शोधणाऱ्यांपासून लांब जाते. दिशांच्या बाबतीत परदेशी पुस्तकांवरून उचललेले नियम आपल्याकडे फसवे ठरतात. झाडाच्या उत्तर बाजूस शेवाळ असते, हा त्यांतलाच एक. आपल्या पावसात शेवाळ चहूबाजूंनी चढते. दुपारची सावली उत्तरेला पडते हे वर्षाचा बहुतेक काळ खरे. पण मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि सावली दक्षिणेला पडते. रात्री सप्तर्षींतील पुलह व क्रतू यांना जोडणारी रेषा पुढे वाढवून ध्रुव शोधावा. शहापुरात तो क्षितिजापासून सुमारे साडेएकोणीस अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींइतकाच वर दिसतो. मुले त्याला भर आकाशात शोधतात आणि तो सापडत नाही म्हणून हिरमुसतात.

पावसाळ्यातील ओढ्याविषयी एकच सांगणे पुरे: खाली ऊन असले तरी माथ्यावरच्या पावसाने पाणी पाहता पाहता चढते. ते गढूळ होऊ लागले, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, की अलीकडेच थांबावे.

साप हा मात्र सविस्तर सांगण्याचा विषय. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे 58,000 माणसे दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. ही बहुतांशी खेड्यातली, शेतात राबणारी, जमिनीवर निजणारी माणसे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप. त्यांतील मण्यार रात्री हिंडते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, खूणही दिसत नाही. झोपेतून उठलेले मूल पोटात किंवा घशात दुखते म्हणते, पुढे त्याच्या पापण्या जड होतात. अशा मुलाला अपचनाची गोळी देऊन पुन्हा निजविणे म्हणजे त्याचा जीव घालविणे. दंश झालेला अवयव लाकडी पट्टीने स्थिर करावा, मुलाला चालू देऊ नये, 108 ला फोन करावा आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. आवळून बांधणे, चिरा देणे, विष चोखणे, भगताकडे नेणे हे सर्व वर्ज्य. विनयपिटकातही सर्पदंशावर शेण, मूत्र, राख आणि माती यांचा उपाय आला आहे. तो त्या काळच्या ज्ञानाचा भाग होता. केवळ ग्रंथात आहे म्हणून काही मानू नका, असे सांगणाऱ्या तथागतांचे अनुयायी म्हणून आपण तो आज इतिहासातच ठेवला पाहिजे. मात्र चुल्लवग्गात सर्पदंशाने मेलेल्या भिक्खूच्या प्रसंगी सर्पकुळांविषयी मैत्री बाळगण्याचा जो उपदेश आहे, तो आजही व्यवहार्य आहे. साप मारायला गेलेल्यालाच अनेकदा दंश होतो.

या शिक्षणात आमचे खरे गुरू आमच्याच वर्गात बसलेले असतात. जूनमध्ये शेवळे बाजारात येते. ते नुसते शिजवून खाल्ले तर घसा खाजतो. त्यात काकडाची आंबट फळे घालावी लागतात. हे आम्ही पुस्तकातून शिकविण्याआधी ठाकर-कातकरी मुलांना ठाऊक असते. इतिहासाच्या तासाला मान खाली घालून बसणारा मुलगा रानात पुढे होतो, कोणती अळंबी हातही लावण्याजोगी नाही हे शिक्षकांना बजावतो आणि डॉक्टरांचा म्हणविणारा मुलगा त्याच्यामागून चालतो. त्यानंतर वर्गातही पहिल्याची मान थोडी वर येते. गुणपत्रिकेत याला रकाना नाही, ही आमची जुनी तक्रार आहे.

नव्या वर्षी मुलांना वसतिगृहात पाठविताना पालकांनी ट्रंकेत शिटी, टॉर्च आणि मच्छरदाणी अवश्य द्यावी. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारही बाजूंनी खोचल्या तर ती मण्यारीलाही अडविते. खोचून कशी घ्यायची, ते पहिल्याच रात्री आम्ही मुलांना दाखवितो.