केप कॉडचे नव्वदीतले दोन पूल : दुरुस्ती पुरेशी का ठरली नाही?

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अटलांटिक महासागरात शिरलेला, कोपरात वाकवलेल्या हाताच्या आकाराचा केप कॉड हा भूभाग आहे. तेथे मोटारीने जाण्यास दोनच मार्ग आहेत. केप कॉड कालव्यावरील बोर्न पूल हा एक आणि सॅगमोर पूल हा दुसरा. दोन्ही पूल २२ जून १९३५ रोजी वाहतुकीस खुले झाले. आज त्यांच्यावरून वर्षाकाठी साडेतीन कोटींहून अधिक वाहने जातात. हे पूल पाडून त्यांच्या जागी नवे उभारण्याचा निर्णय २०२० मध्ये झाला. पूल कोसळण्याच्या बेतात होते म्हणून तो घेण्यात आला, असा समज होणे स्वाभाविक आहे; परंतु कारण वेगळे आणि अधिक विचार करण्याजोगे आहे.

प्रथम कालव्याविषयी. बोस्टन आणि न्यूयॉर्क यांच्यामधील जहाजांना केप कॉडला वळसा घालावा लागे आणि त्या वळशावरील वाळूच्या दांड्यांवर असंख्य जहाजे फुटली होती. तो फेरा वाचवण्यासाठी ऑगस्ट बेलमाँट या धनाढ्य उद्योजकाने खासगी भांडवलावर कालवा खणवला. २९ जुलै १९१४ रोजी तो सुरू झाला. जलवाहतुकीच्या दृष्टीने मात्र तो अडचणीचाच होता. कालव्याच्या एका टोकाला केप कॉडचा उपसागर आणि दुसऱ्या टोकाला बझर्ड्स बे आहे. दोन्हीकडच्या भरतीची उंची वेगळी आणि वेळही सुमारे तीन तासांनी पुढेमागे. त्यामुळे कालव्यात पाण्याला जबरदस्त ओढ असते. त्यात पात्र अरुंद आणि वर उघडझाप करणारे पूल. जहाजांनी धडका दिल्या नसत्या तरच नवल. १९२८ मध्ये संघीय सरकारने कालवा विकत घेतला आणि तो लष्कराच्या अभियंता दलाकडे सोपवला. महामंदीच्या काळात सार्वजनिक बांधकामांतून रोजगार देण्याची मोहीम निघाली, तेव्हा त्याच निधीतून सध्याचे दोन्ही उंच पूल बांधले गेले. भरतीच्या पाण्यापासून सुमारे ४१ मीटर उंचीवर असलेल्या या पुलांखालून मोठी जहाजे विनाअडथळा जाऊ लागली. पुढे कालवाही रुंद करण्यात आला.

महामार्गावरील पूल लष्कराच्या मालकीचे कसे, हा प्रश्न वाचकाला पडेल. यामागचे तत्त्व साधे आहे : ज्याने कालवा खणून रस्ता तोडला, त्यानेच तो जोडून द्यावा. बेलमाँट यांच्या कंपनीवरील ही जबाबदारी खरेदीबरोबर सरकारकडे आली. नव्या पुलांच्या खर्चावरून संघीय सरकार आणि राज्य यांच्यात झालेल्या दीर्घ चर्चेचे मूळही येथेच आहे.

आता पुलांच्या प्रकृतीकडे वळू. दोन्ही पूल पोलादी सांगाड्याच्या कमानीचे असून मधला गाळा सुमारे १८८ मीटरचा आहे. समुद्राची खारी हवा आणि हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकले जाणारे मीठ हे पोलादाचे दोन शत्रू येथे एकत्र आले आहेत. गंज खरवडणे, रंग देणे, झिजलेले भाग बदलणे ही कामे सातत्याने करावी लागतात. पोलादी सांगाड्यात अनेक तुळया जेथे एकत्र येतात, तेथील सांध्याची पट्टी फार महत्त्वाची असते. मिनियापोलिस येथे मिसिसिपी नदीवरील महामार्गाचा पूल १ ऑगस्ट २००७ रोजी कोसळून १३ जणांचा बळी गेला, त्याला मूळ आराखड्यातच आवश्यकतेपेक्षा पातळ ठेवलेल्या अशा पट्ट्या कारणीभूत ठरल्या होत्या. तो पूल जेमतेम चाळीस वर्षांचा होता. तेव्हा केवळ वय पाहून पुलाला धोकादायक किंवा निर्धोक ठरवता येत नाही. केप कॉडच्या पुलांची तपासणी नियमित होते.

खरी अडचण रुंदीची आहे. प्रत्येक पुलावर चार मार्गिका आहेत आणि प्रत्येकीची रुंदी जेमतेम तीन मीटर, म्हणजे दहा फूट. आजच्या महामार्गासाठी बारा फूट हे प्रमाण मानले जाते. समोरासमोरच्या वाहतुकीत दुभाजक नाही, कडेला बंद पडलेली मोटार उभी करण्यास जागा नाही. एखादा लहानसा अपघात झाला तरी मागे मैलोन्‌मैल रांग लागते. दुरुस्तीसाठी एक मार्गिका बंद करायची म्हटले, तरी पुलाची निम्मी क्षमता एका बाजूने नाहीशी होते.

अभियंता दलाने या पुलांच्या भवितव्याचा अभ्यास केला तेव्हा बोगद्यासह अनेक पर्याय तपासले गेले आणि अखेर दोनच उरले : व्यापक दुरुस्ती किंवा नवी उभारणी. व्यापक दुरुस्तीसाठी प्रत्येक पूल दीर्घकाळ अंशतः आणि काही महिने पूर्णतः बंद ठेवावा लागला असता. एवढे करूनही रुंदी दहा फूटच राहिली असती आणि काही दशकांनी पुन्हा तीच वेळ आली असती. दुरुस्तीचा आकडा कागदावर कमी दिसतो. पण वाहतूक अडल्यामुळे होणारी हानी त्यात मिळवली की हिशेब उलटतो, हे या अभ्यासाचे मर्म आहे.

ही हानी कोणाची, हेही पाहिले पाहिजे. केप कॉडची कायम लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे २ लाख २९ हजार आहे आणि उन्हाळ्यात पर्यटकांमुळे ती दुपटीच्या आसपास जाते. गंभीर रुग्णांना बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयांत न्यावे लागते. मार्थाज व्हिनयार्ड आणि नॅन्टकेट या बेटांकडे केपच्या बंदरांतून जाणारा मालही आधी याच पुलांवरून येतो. चक्रीवादळात वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटरवर गेला की पूल बंद करण्याची पद्धत आहे. म्हणजे बाहेर पडायचे ते त्यापूर्वीच. एक पूल दुरुस्तीसाठी बंद असताना असे वादळ आले तर काय, या प्रश्नाला दुरुस्तीच्या पर्यायात समाधानकारक उत्तर नव्हते.

नव्या योजनेत प्रत्येक जुन्या पुलाच्या जागी कमानीचे जुळे पूल येतील. एकावरून जाणारी आणि दुसऱ्यावरून येणारी वाहतूक. आधी जुन्या पुलाशेजारी जुळ्यांपैकी एक उभारायचा, वाहतूक त्यावर वळवायची, मग जुना पाडून दुसरा बांधायचा, असा क्रम आहे. बारा फुटी मार्गिका, कडेची मोकळी जागा आणि पादचारी व सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग त्यात आहे. थेट जाणाऱ्या मार्गिका मात्र प्रत्येक दिशेला दोनच राहतील. वाढीव मार्गिका केवळ चढण्या-उतरण्यासाठी असेल. उन्हाळी शनिवारची कोंडी यामुळे संपूर्णपणे सुटेल, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. काही कुटुंबांना जोडरस्त्यांसाठी आपली राहती घरे द्यावी लागत आहेत आणि मोबदला कितीही मिळाला तरी त्यांच्यासाठी हा सौदा तोट्याचाच आहे.

पैशाचा मार्ग सरळ नव्हता. दोन्ही पुलांचा खर्च सुमारे साडेचार अब्ज डॉलर अपेक्षित धरला गेला आणि संघीय अनुदानाचे सुरुवातीचे अर्ज फेटाळले गेले. त्यानंतर गव्हर्नर मॉरा हीली यांच्या प्रशासनाने धोरण बदलले : दोन्ही पुलांचा आग्रह सोडून, अधिक वर्दळीचा सॅगमोर आधी. त्याला यश आले. डिसेंबर २०२३ मध्ये ३७ कोटी २० लाख, २०२४ च्या अर्थसंकल्पात ३५ कोटी आणि जुलै २०२४ मध्ये ९९ कोटी ३० लाख डॉलर मंजूर झाले. राज्याने ७० कोटी डॉलरची तयारी दर्शवली. नवे पूल राज्याच्या परिवहन विभागाच्या ताब्यात जातील आणि लष्कराची पुलांची जबाबदारी संपेल. बोर्न पुलासाठी मोठा निधी त्यानंतरही उभा करायचा होता. तोवर त्या जुन्या पुलाची गंज काढणे आणि सांधे बदलणे अभियंता दलाला चालूच ठेवावे लागणार आहे, तेही पर्यटकांचा हंगाम टाळून.