पाणी आहे तोवर

शिवरात्र झाली की थंडी 'शिव शिव' करत निघून जाते, असं आमच्याकडे म्हणतात. जालन्यात ती जाताना उंबऱ्यावर उन्हाळ्याला बसवूनच जाते. म्हणून घराच्या डागडुजीसाठी मी शिवरात्रीच्या अलीकडचा रविवार धरून ठेवतो. पुष्कळ लोक मे महिन्यात गच्ची दुरुस्त करतात. पावसाळा तोंडावर आलेला असतो, मुलांना सुट्ट्या असतात, हे खरं. पण सिमेंटला पाणी लागतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे ते माणसांनाच पुरत नाही. मास्तरकीच्या नोकरीत मला हे उशिरा कळलं. निवृत्तीनंतरची ही एक उजळणी.

पहाटे 6

स्वेटर घालून, हातात बॅटरी आणि पेन्सिल घेऊन गच्चीवर. भेगा बघायच्या तर त्या याच वेळी. फेब्रुवारीत आमच्याकडे पहाटे 14-15 अंश आणि दुपारी 32-33 अंश तापमान असतं. उन्हात तापलेला कोबा तर त्याच्याही पुढे जातो. 10 मीटर लांबीचा स्लॅब 20 अंशांनी तापला, तर तो सुमारे 2 मिलिमीटर वाढतो आणि रात्री तेवढाच आकसतो. रोजची ही ओढाताण. त्यामुळे दुपारी मिटलेली भेग पहाटे तोंड उघडून बसलेली सापडते. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारतो आणि शेजारी तारीख लिहितो. गेल्या वर्षीची रेघ ओलांडून भेग पुढे गेली असेल तर ती चालती आहे. तिथेच थांबली असेल तर झोपलेली.

जिन्यावरचे पत्रेही हलवून बघितले. दोन आकड्यांचे वॉशर वाळून फुटले होते. फेब्रुवारीत कसला पाऊस, असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. 11 फेब्रुवारी 2018 चा रविवार जालना जिल्हा विसरलेला नाही; शिवरात्रीच्या दोन दिवस आधी गारांनी गहू, हरभरा, द्राक्षं झोडपून काढली होती. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीटही मराठवाड्याच्या ध्यानात आहे. पत्र्यावर दगड ठेवून निर्धास्त होणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की वादळात पत्रा उडाला तर दगडही उडतो.

सकाळी 8

मिस्त्री एकटेच आले.

"गुरुजी, नाक्यावर माणूसच नाही. समदे हरभरा सोंगायला गेलेत. आज तुम्हीच घमेलं उचला."

उचललं. मिस्त्री हातोडीच्या दांड्याने कोबा वाजवत पुढे आणि मी खडू घेऊन मागे. घट्ट जागा टणटण बोलते, सुटलेली जागा बदबद वाजते. कठड्याला लागून दोन जागा बदबदल्या. गच्ची मधोमध क्वचितच गळते. ती गळते कडेला, स्लॅब आणि कठडा जिथे भेटतात त्या काटकोनात. तिथे माल भरून गोलाई काढायची, म्हणजे पाणी कोपऱ्यात न बसता मोरीकडे वळतं. भेगेवर नुसतं सिमेंट फासू नये. ती छन्नीने इंग्रजी व्हीसारखी खोदायची, धूळ झाडायची, ओली करायची आणि मग भरायची. झोपलेल्या भेगेत कडक माल चालतो. चालत्या भेगेला मात्र ताणलं जाणारं, रबरासारखं भरण लागतं. नाहीतर ती त्याच्या शेजारून नवी वाट काढते.

साडेनऊपर्यंत दोन्ही जागा भरून झाल्या. आता खरं काम. मिस्त्रींनी मोंढ्यातून आणलेली बारदानं भिजवून त्यावर अंथरली. सिमेंट वाळून घट्ट होतं, हा आपला मोठा गैरसमज आहे. ते पाणी पिऊन घट्ट होतं. साध्या सिमेंटला किमान 7 दिवस आणि राख मिसळलेल्या, म्हणजे आजकाल दुकानात सर्रास मिळणाऱ्या सिमेंटला किमान 10 दिवस ओल मिळाली पाहिजे.

"वैशाखात टाकलेलं सिमेंट म्हंजी रांगोळी, गुरुजी," मिस्त्री म्हणाले. "दिसती छान. झाडलं की गेली."

सकाळी 10

खालच्या खोलीत छताला बशीएवढा पोपडा सुटलेला. मी पुट्टी आणि रंग आणून ठेवला होता. मिस्त्रींनी पोपडा काढला, तर आत गंजलेली सळई.

जालना हे सळयांचं गाव. इथल्या भट्ट्यांमधून निघालेली सळई कुठल्या कुठल्या गावांतल्या इमारतींत जाऊन बसली आहे. पण घरातल्या सळईकडे आपलं लक्ष जातं ते ती डोकं वर काढते तेव्हाच. गंज हा मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो. जागा मिळाली नाही की तो भोवतालचं काँक्रीट ढकलून पाडतो. वरून रंग दिला की वर्षभर दिसत नाही, एवढंच. मिस्त्रींनी सैल भाग पार काढला, सळई तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली, तिला गंजरोधक लावलं आणि मग माल थापला.

"एकच सळई हाय म्हणून मी हात लावला. चार-पाच दिसल्या असत्या तर विंजिनेराला बोलवा म्हणलो असतो."

स्वतःचा रोज बुडवून असं सांगणारा मिस्त्री सांभाळून ठेवावा.

सकाळी 11.30

आमच्या गल्लीत नळ रोज येत नाही. त्यामुळे टाकी धुवायचा मुहूर्त पंचांगात नाही, नळाच्या वेळापत्रकात शोधावा लागतो. आज संध्याकाळी नळ येणार, म्हणून टाकी आज सकाळी तळाला आणली.

तळाचं पाणी मोरीत सोडायचं नाही. ते फडक्यातून गाळून दोन बादल्या बारदानांवर गेल्या. उरलेला गाळ कढीपत्त्याच्या बुंध्याशी. त्यानंतरच टीसीएल पावडरीच्या पाण्याने टाकी घासली. हे पाणी मात्र झाडाला घालू नये, ते मोरीतच जावं. क्रम चुकला की पाणी दोनदा लागतं. झाकणाची फट आणि ओव्हरफ्लोच्या पाइपाचं तोंड जाळीने बांधलं. डासाला बोटभर वाट पुरते.

दुपारी 1

ज्वारीची भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि ठेचा. आईने ताटावरूनच मिस्त्रींची परीक्षा घेतली.

"माळवद येतं का रे तुला घालता?"

"आज्याला यायचं, आई. मला स्लॅबच येतो."

आईचं माहेर अंबड तालुक्यातलं. दोन खणांचं माळवद: लाकडी खांब, त्यावर तुळया, वर किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. उजेडाला छतात सवणं. आमच्याकडे शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी, ते काही उगीच नाही. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने भेगाळते. छतावर टाकली तर पहिल्याच पावसात घर भिजवील. गावठाणाची पांढरी माती, राखेची आणि चुनखडीची, फारशी फुगत नाही. म्हणून पडक्या गढीची माती गाव छतासाठी आणायचं. सुगी आटोपली की गवत उपटायचं, जुना थर खरवडायचा, भुसा घालून चिखल तुडवायचा, नवा थर द्यायचा आणि पन्हाळाकडे उतार काढायचा.

"खरवडायचा कंटाळा करू नये," आई म्हणाली. "लोक वरच्या वर माती टाकत जातात."

त्या एका वाक्यात मराठवाड्याचं मोठं दुःख आहे. वीतभर जाडीचा मातीचा थर म्हणजे कोरडा असतानाच चौरस मीटरला अडीच-तीनशे किलो. भिजला की आणखी. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यातली कितीतरी दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचं हे जड छत यांच्याखाली सापडली. अजून ज्यांचं माळवद उभं आहे त्यांनी या महिन्यात दोन कामं करावीत: जेवढी माती चढवायची तेवढी आधी उतरवावी, आणि भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक खिळ्याने टोचून बघावं. खिळा लोण्यात गेल्यासारखा गेला, तर त्या खोलीत झोपू नये.

दुपारी 2.30

गच्चीवर पाय ठरत नव्हता. सावलीतली कामं काढली.

घर काळ्या मातीवर आहे. पाया मुरमापर्यंत नेला असला, तरी जोत्याच्या कडेने माती आकसून आतापासूनच बोटभर फट पडते. ती तशीच राहिली तर जूनचं पहिलं पाणी थेट पायाशी जातं आणि कोरडी माती एकदम फुगते. भिंतीतल्या तिरप्या भेगांचा उगम पुष्कळदा तिथे असतो. फटीत मुरूम ठोकून भरला आणि अंगणाची फरशी जिथे भिंतीकडे कलली होती, तिथे उलटा उतार देण्यासाठी खूण केली.

दाराच्या चौकटीला मातीची नळी चढलेली दिसली: वाळवी. नळी मोडून गंमत बघत बसू नये. ती दोन दिवसांत पुन्हा बांधते. जमिनीशी जिथून निघते ते भोक शोधून तिथेच औषध सोडावं लागतं. आमच्याकडे चौकटीला जळकं ऑइल लावायची रीत आहे. त्याने लाकूड काही काळ वाचतं, वारूळ मात्र जिवंतच राहतं.

दुपारी 4

कूलर अडगळीतून निघाला. गवताच्या जाळ्या बदलायच्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. टाकीच्या कडा काथ्याने घासायच्या, हे फारसं कुणी करत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. न घासता पाणी भरलं, की मागच्या वर्षीचे डास या वर्षी उठतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. ओला पत्रा, ओली फरशी, अनवाणी पाय. कूलरच्या शॉकने माणूस दगावल्याची बातमी उन्हाळ्यात आली नाही असं होत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती कोरडी पडली की वीज जमिनीत नीट उतरत नाही. म्हणजे ज्या महिन्यांत कूलर चालतो, त्याच महिन्यांत अर्थिंग कमजोर होतं. खड्ड्यात तांब्याभर नको, बादलीभर पाणी ओतलं. दर पंधरवड्याला ओतायचं, असं भिंतीवर लिहिलं. वायरमनकडून मुख्य बोर्डात 30 मिलीअँपियरचा गळती-रोधक स्विच बसवून घेतला आहे. त्याचं 'टेस्ट' बटण दाबलं. घरभर अंधार. आतून आई ओरडली. स्विच ठीक आहे.

संध्याकाळी 5.30

कळीचा चुना काल रात्री भिजत घातला होता. चुना विरताना पाणी उकळतं, म्हणून प्लॅस्टिकची बादली आणि घरातली मुलं, दोन्ही लांब ठेवावीत. आज तो गाळून त्यात थोडं फेविकॉल घातलं. नव्याने भरलेल्या जागा सोडून, ऊन उतरल्यावर, आधी गच्ची ओली करून हात मारला. भर उन्हात लावलेला चुना पकडण्याआधीच वाळतो आणि पायाला पीठ लागतं. पांढरी गच्ची ऊन परत पाठवते. खालची खोली रात्री निवते, कूलर कमी चालतो, आणि स्लॅबची पहाट-दुपारची ओढाताणही कमी होते. सकाळी बघितलेल्या भेगेवरचा हा सर्वांत स्वस्त इलाज.

रात्री 8

नळ आला. टाकी भरली. मिस्त्रींचा हिशोब चुकता केला आणि वहीत पाण्याचा हिशोब मांडला: बारदानांना रोज चार बादल्या, 10 दिवस, म्हणजे 40 बादल्या. आज हे परवडतं.

निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडीच्या तलावातून शहराला पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी यायचं. 2012-13 च्या दुष्काळात त्या तलावाचा तळ उघडा पडला आणि नागरिकांनी वर्गणी काढून गाळ उपसला. जायकवाडीचं पाणी आल्यावर दिवस बदलले. तरी मे महिन्यात बादली उचलताना हात अजून विचार करतो.

दुसरा हिशोब जमेचा. चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. आमची 600 चौरस फुटांची गच्ची म्हणजे सुमारे 56 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 650 मिलिमीटर धरला, तर 36 हजार लिटर; पाचवा हिस्सा वाया गेला तरी 29 हजार लिटर उरतं. ते बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात नेणारा पाइप आज तपासला. त्यात चिमणीचं घरटं होतं. पिल्लं उडाली की काढू. जूनला वेळ आहे.

तुमच्या गच्चीलाही वेळ आहे, पण इतका नाही. पहाटे एकदा वर जाऊन या. जे भरायचं ते होळीच्या आत भरा आणि दहा दिवस त्याला पाणी पाजा. पावसाळा जूनमध्ये येतो. दुरुस्तीचं पाणी मात्र मार्चनंतर मिळत नाही.