चरबीचा रिपोर्ट चांगला, गोळी मात्र वाईट?

ओपिल ही गर्भनिरोधक गोळी अमेरिकेत चिठ्ठीविना दुकानात आली, त्यावर भरपूर लिहून झालं. त्या गदारोळात एक बारकावा निसटला. 2023च्या जुलैत तिथल्या औषध नियामक एफडीएने मोकळी केली ती इस्ट्रोजेन नसलेली गोळी. इस्ट्रोजेनवाल्या गोळ्यांना तिथे अजून चिठ्ठी लागतेच.

कारण यकृत. तोंडावाटे घेतलेलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी तिथेच पोचतं आणि यकृताला कामाला लावतं. रक्तातली चरबी म्हणजे ट्रायग्लिसराइड वाढतात, रक्त गोठवणारे घटक वाढतात, टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिनही वाढतं. मुरुमं कमी होतात ती बऱ्याच अंशी या प्रथिनामुळे. बीजकोशातली स्वतःची संप्रेरकं मात्र गोळीने दबतात. त्यामुळे गोळ्या चालू असताना हौसेने केलेली हार्मोन तपासणी म्हणजे पैसे पाण्यात.

आपल्या सरकारी दवाखान्यातली माला-एन पाहा. पाकिटात 28 गोळ्या, त्यातल्या 7 नुसत्या लोहाच्या. उरलेल्या प्रत्येकीत 30 मायक्रोग्रॅम इथिनिल इस्ट्राडिऑल हे इस्ट्रोजेन आणि 150 मायक्रोग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल हे प्रोजेस्टिन. पहिलं 'चांगलं' कोलेस्ट्रॉल म्हणजे एचडीएल चढवतं, दुसरं उतरवतं.

या ओढाताणीचा हिशेब लंडनमध्ये संशोधक व्हिक्टर विन साठच्या दशकापासून मांडत होते. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गॉड्सलँड, विन आणि सहकाऱ्यांनी गोळी घेणाऱ्या हजारावर स्त्रियांचं रक्त तपासलं. मिश्र म्हणजे दोन्ही संप्रेरकांच्या गोळ्यांनी ट्रायग्लिसराइड 13 ते 75 टक्क्यांनी जास्त. कमी मात्रेच्या लेव्होनॉरजेस्ट्रेल गोळीत एचडीएल 5 टक्क्यांनी कमी, तर डेसोजेस्ट्रेल या दुसऱ्या प्रोजेस्टिनच्या गोळीत 12 टक्क्यांनी जास्त. कागदावर डेसोजेस्ट्रेल जिंकलं!

आणि 1995 उजाडलं. शिरांत गुठळ्या होण्याचा धोका याच डेसोजेस्ट्रेल गोळ्यांत लेव्होनॉरजेस्ट्रेलपेक्षा जास्त निघाला. ब्रिटनमध्ये एकच घबराट उडाली. कित्येकींनी गोळ्या सोडल्या. खरं तर धोका दोन्हींत थोडाच, बाळंतपणातल्या गुठळ्यांच्या धोक्याहून कमी. पण लिपिड प्रोफाइलवरून, म्हणजे चरबीच्या तपासणीवरून, गोळी जोखण्याची हौस तेव्हाच संपायला हवी होती. आपल्याकडे ती अजून जोरात आहे, कारण लॅबचं पॅकेज विकायला सोपं.

गोळी सुरू करण्याआधी प्रत्येकीला चरबीची तपासणी लागत नाही. रक्तदाब मात्र मोजायलाच हवा, आणि तोच अनेकदा राहून जातो. शिवाय विचारायचं ते असं: पस्तिशी ओलांडली आहे आणि तंबाखू ओढता का? अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे चमकतं का? घरात कुणाला गुठळी झाली होती का? ट्रायग्लिसराइड आनुवंशिकतेनेच फार वाढलेले असतील, तर मात्र ती तपासणी आधी करावी. इस्ट्रोजेनने ते आणखी चढले, तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.